चिन्ह उलट आल्यास

गुरुवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी यंत्राने सांगितले की नमुना एन-टाइप आहे. अकरा चाळीसला त्याच यंत्राने, त्याच नमुन्याबद्दल, तितक्याच खात्रीने सांगितले की तो पी-टाइप आहे. मधल्या अर्ध्या तासात दोनच गोष्टी घडल्या होत्या. बाईंनी दोन वायरींची अदलाबदल केली होती आणि मामांनी चहा प्यायला होता.

बाईंनी दोन्ही आकडे वहीत लिहिले, वेळेसकट. मग पेन खाली ठेवले आणि नववीच्या वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे एकोणीस वर्षे जसे बघितले, तसे मामांकडे बघितले.

"काय झालं?" मामा म्हणाले.

"दोन उत्तरं आली."

"मग बरंय की. एक निवडा."

दुसऱ्या मजल्यावरची ती प्रयोगशाळा म्हणजे चार खोल्या, एक बोळ आणि एक एसी, ज्याचे पाणी बादलीत पडे आणि बादली कोणी ओतायची यावर रोज सकाळी वाद होई. इथे लोक चकचकीत तुकडे पाठवत. सिलिकॉनच्या चकत्या, काचेवर चढवलेले पातळ थर, असले काहीबाही. ना धड धातू, ना धड काच, म्हणून पाठ्यपुस्तकात ज्यांना अर्धवाहक म्हणतात ते. प्रयोगशाळेने सांगायचे की या तुकड्यातून वीज किती सहज जाते, ती वाहून नेणारे कण किती आहेत, किती वेगाने पळतात आणि मुळात कोणते आहेत. प्रश्नागणिक एक यंत्र होते. यंत्रागणिक एक खोड होती. आणि सगळ्या खोडी ज्या एका माणसाला पाठ होत्या, त्यांना सगळे मामा म्हणत. त्यांची एकतीस वर्षे झाली होती आणि निवृत्तीला दोन महिने उरले होते.

त्यांच्या खुर्चीवर बसायला बाई आल्या होत्या. दोन शाळा एक झाल्या, विज्ञानाच्या बाई दोन उरल्या आणि खुर्ची एक. दुसऱ्या बाई तीन महिन्यांनी सीनियर निघाल्या. सेहेचाळिसाव्या वर्षी, ज्या वयात लोक गुडघ्यांबद्दल बोलायला लागतात, त्या वयात बाई शिकाऊ झाल्या. सहा महिने परीक्षेचे. ते या शुक्रवारी संपत होते.

आणि शेवटच्या आठवड्यात आला आंधळा नमुना. बाहेरच्या एका तपासणी संस्थेने एकाच थराचे सहा तुकडे कापले, एक स्वतःकडे ठेवला, पाच पाच प्रयोगशाळांना पाठवले. पाकिटावर फक्त क्रमांक. पदार्थ कोणता, कुठून आला, कशासाठी, काही नाही. सगळ्यांनी मोजायचे, शुक्रवारी पाचच्या आत तक्ता पाठवायचा, मग संस्था सांगणार कोण किती पाण्यात आहे. या प्रयोगशाळेत असला नमुना पहिल्यांदाच आला होता.

प्रमुख मॅडम अडतीस वर्षांच्या होत्या आणि वाक्ये मोजून वापरत. त्यांनी सोमवारीच सांगितले होते, "हा तुम्ही एकट्याने मोजायचा. तक्त्यावर सही तुमची. उत्तर बरोबर आलं तर तुमच्या नेमणुकीवर मी सही करते. चुकलं तर मनाला लावून घेऊ नका."

मनाला लावून घेऊ नका हे बाईंनी स्वतः नापास मुलांना इतक्या वेळा सांगितले होते की त्याचा अर्थ त्यांना नेमका ठाऊक होता.

सहा महिन्यांत त्या शिकल्या नव्हत्या असे नाही. पहिल्या महिन्यात चार सुयांचे यंत्र शिकल्या. चार सुया एका ओळीत तुकड्यावर टेकतात. बाहेरच्या दोघींतून वीज सोडायची, आतल्या दोघींनी व्होल्टेज वाचायचे. दोनच सुयांनी मोजले तर सुई आणि तुकडा जिथे टेकतात तिथलाच अडथळा मोजला जातो. पहिल्या आठवड्यात बाईंचा आकडा सकाळी एक आणि दुपारी भलताच यायचा. त्यांनी सुया पुसल्या, तुकडा पुसला, चष्मा पुसला. चौथ्या दिवशी मामांनी येऊन यंत्राचे झाकण बंद केले आणि आकडा जागेवर आला. खिडकीतल्या उजेडाने तुकड्यात जास्तीचे कण तयार होत होते.

"चार दिवस का नाही सांगितलंत?" बाईंनी विचारले होते.

"पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर पाचव्या दिवशी विसरला असता."

हे खरे होते आणि म्हणूनच बाईंना त्याचा राग आला होता.

मग त्या तुकड्याच्या चार कोपऱ्यांवर मऊ धातूचे ठिपके दाबून वायरी जोडायला शिकल्या. वीज उलटसुलट सोडून ठिपके धड बसले का ते बघायला शिकल्या. तुकडा चिमट्याने कुठे धरायचा आणि तो पडला तर कोणत्या शब्दांत बोलायचे, हेही शिकल्या. दुसऱ्या गोष्टीत मामांचा हात कोणी धरू शकत नव्हते.

राहिले होते ते मोठे यंत्र, हॉल या शास्त्रज्ञाच्या नावाचे. तुकड्यातून वीज सोडायची आणि दोन्ही बाजूंनी चुंबक लावायचे. चुंबकामुळे वाहते कण एका कडेला लोटले जातात, गाडी वळली की उभे प्रवासी कलंडतात तसे. कडेला चिमूटभर व्होल्टेज जमते. त्याच्या आकड्यावरून कण किती ते कळते, आणि चिन्हावरून, म्हणजे अधिक की उणे यावरून, कण कोणते ते. इलेक्ट्रॉन असले तर एन. इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागाच सरकत असल्या तर पी. त्या रिकाम्या जागांना होल म्हणतात.

"नाटकाला गेलात," मामांनी समजावले होते, "आणि माणूस उठून पुढच्या खुर्चीवर गेला तर एन. सगळी रांग एकेक खुर्ची पुढे सरकली आणि रिकामी खुर्ची मागे मागे आली, तर पी."

"मी हे एकोणीस वर्षं शिकवलंय, मामा."

"मग नाटक कसं होतं?"

प्रश्न चिन्हाचा होता. आकड्याला कशाचेच सोयरसुतक नसते. तो शून्य दशांश बासष्ट मिलिव्होल्ट आला, वायरी बदलल्या तरी तेवढाच राहिला. पण चिन्ह मात्र कोणती वायर कुठे आहे आणि चुंबकाचा कोणता ध्रुव कुठल्या बाजूला आहे यावर अवलंबून. एक गोष्ट उलटी झाली तर उत्तर उलटे. दोन उलट्या झाल्या तर पुन्हा सुलटे.

सकाळी अकरा दहाला बाईंनी यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे वायरी लावल्या होत्या. चुंबकाच्या डाव्या तोंडावर "उत्तर" असा कागद चिकटवलेला होता, तो प्रमाण मानला होता. आले एन. मग त्यांनी मामांची जुनी वही उघडली. त्यात मामांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते: *चिन्ह उलट आल्यास लाल व हिरवी वायर बदलणे.* बदलल्या. आले पी.

"मामा," बाईंनी वहीवर बोट ठेवले, "उलट आल्यास म्हणजे कशाच्या उलट?"

"म्हणजे?"

"म्हणजे उलट आलंय हे कळायचं कसं?"

मामांनी कप बशीत ठेवला. "विचारायचं."

"कोणाला?"

"ज्याचा नमुना त्याला. फोन करायचा, नमस्कार चमत्कार करायचा, मध्येच म्हणायचं, पी आहे ना हो तुमचा? तो म्हणतो हो. त्याने बनवलेला असतो, त्याला माहीत असतं. मग यंत्राने एन दाखवलं तर वायर बदलायची."

"एकतीस वर्षं?"

"फोन एकतीस वर्षं नव्हता. आधी पत्र लिहायचो."

बादलीत एसीचे पाणी पडत होते.

"एकही रिपोर्ट चुकीचा गेलेला नाही," मामा जरा दुखावल्या आवाजात म्हणाले. "काढा फायली. एक तरी तक्रार दाखवा."

तक्रार येणार कशी? लोकांना त्यांचेच उत्तर सही-शिक्क्यासह परत मिळत होते.

दुपारी बाईंनी चुंबकाच्या कागदाची चौकशी सुरू केली. कागद कोणी लावला? मामांच्या आधीच्या माणसाने. त्यानंतर चुंबक हलवला होता? दोनदा. एकदा भिंती रंगवायला तो सरकवला आणि रंगाऱ्यांनी परत ठेवला. कोणते तोंड कुठे होते हे रंगाऱ्यांना विचारावे असे कोणाला सुचले नव्हते. एकदा त्याचा वीजपुरवठा जळाला आणि नवा बसवला. वायरी कशा जोडल्या? "बसल्या तशा," मामा म्हणाले.

"होकायंत्र आहे?"

होते. चुंबकाच्याच टेबलाच्या खणात, गेली कित्येक वर्षे. बाईंनी ते खिडकीशी नेले. सुईने थोडा विचार केला आणि उत्तर म्हणून प्रसाधनगृहाकडे बोट दाखवले. आग लागल्यास कुठून पळायचे याच्या जिन्यातल्या नकाशाप्रमाणे तिकडे दक्षिण होती.

"चुंबकाशेजारी राहून उलटलंय हे," बाई म्हणाल्या.

"किंवा नकाशा उलटा टांगलाय."

"मामा, नकाशावर जिना जिन्याच्या जागी आहे."

"ठीक आहे, ठीक आहे. माहितीतला नमुना लावा ना मग. डबा भरून आहेत." मामांनी कपाटातून डबा काढला. वीस-बावीस तुकडे, प्रत्येकावर चिठ्ठी, एन किंवा पी. बाईंनी एक उचलला, चिठ्ठीचे अक्षर बघितले, मामांकडे बघितले.

"याच यंत्रावर मोजलेत?"

"दुसरं यंत्र आहे कुठे?"

"फोन करून?"

मामांनी डब्याचे झाकण लावले. "त्यातले चार पत्र लिहून."

संध्याकाळी बाई नवऱ्याच्या दुकानात गेल्या. दुकान चष्म्याचे, नवरा स्वतः डोळे तपासून नंबर काढी. बाईंनी घरी जाण्याऐवजी गिऱ्हाइकाच्या उंच खुर्चीवर बसकण मारली आणि अथपासून इतिपर्यंत सगळे सांगितले. नवऱ्याने फ्रेमचा स्क्रू पिळत पिळत ऐकले.

"अगं, मग तुझे मामा माझ्यासारखेच," तो म्हणाला. "मीही गिऱ्हाइकालाच विचारतो. हे स्पष्ट दिसतंय की ते?"

"अहो, तुमचं वेगळं."

"वेगळं आहेच. मी आधी यंत्रावर बघतो, नंबर कागदावर लिहितो, मग विचारतो. आधी विचारलं तर तो सांगेल तेच मला यंत्रात दिसायला लागतं. पहिल्या वर्षी मी एका आजोबांना तीन चष्मे करून दिले. तिन्ही त्यांना हवे तसे. एकातूनही त्यांना दिसायचं नाही."

"मग?"

"मग काय, चौथा. ते अजून मला ओळख देत नाहीत. दिसत नाही म्हणून की रागाने, ते कळायला मार्ग नाही." त्याने फ्रेम दिव्यासमोर धरली. "आणि समजा तुला मोजायचं तसं तू मोजलंस आणि ते चुकलं?"

"तर सोमवारपासून घरी शिकवण्या."

"हॉलमध्ये?"

"हॉलमध्ये."

नवऱ्याचा स्क्रू हातातून निसटला. दोघांनी मिळून तो शोधला. मुलांच्या शिकवण्या म्हणजे काय हे त्या घराने आधी एकदा, आठ महिने, बघितलेले होते. स्क्रू मिळाला तेव्हा तो म्हणाला, "चुकणार असलीस तर मोजून चूक. फोनवर कशाला?"

शुक्रवारी सकाळी नऊ वीसला बाई प्रयोगशाळेत हजर होत्या. पिशवीत घरून आणलेली ॲल्युमिनियम फॉइल आणि एक बॅटरी. बॅटरीच्या अधिक-उण्यावर त्यांचा विश्वास होता, कारण ते चिन्ह कारखान्यात छापलेले होते आणि छापणाऱ्याने मामांना फोन केलेला नव्हता.

त्यांनी फॉइलची बोटभर रुंद पट्टी कापली, चुंबकाच्या दोन तोंडांमध्ये आडवी सैलसर टांगली आणि तिची टोके बॅटरीला लावली. नववीचा प्रयोग. चुंबकात वीज वाहणारी तार एका बाजूला ढकलली जाते. कुठल्या बाजूला, हे बघितले की चुंबकाची दिशा कळते.

पट्टी टुणकन वर उडाली आणि कमानीसारखी ताणून राहिली.

बाईंनी डावा हात पुढे केला. अंगठा, पहिले बोट, मधले बोट, तिन्ही एकमेकांना काटकोनात. अंगठा म्हणजे ढकलण्याची दिशा, पहिले बोट चुंबकाची, मधले विजेची. एकोणीस वर्षे त्यांनी मुलांकडून हे करून घेतले होते आणि दर वर्षी कोणी ना कोणी त्या बोटांनी शेजाऱ्याच्या नाकाला ध्रुव मानले होते.

"उजवा हात ना?" मामा मागून म्हणाले. त्यांनीही बोटे ताणली होती.

"डावा."

"मला उजवा आठवतो."

"तो जनित्राला. हा मोटरला."

दहा वाजता मॅडम आल्या, काय चालले आहे ते विचारून घेतले आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून त्यांनीही हात पुढे केला. त्यांची पद्धत तिसरी होती, कॉलेजातली, चार बोटे वळवायची आणि अंगठा उभा. काही क्षण तिघे चुंबकाभोवती वेडीवाकडी बोटे करून, माना तिरक्या करून उभे होते. नेमका तेव्हाच पार्सलवाला दारात आला. त्याने तिघांकडे बघितले, पार्सल जमिनीवर ठेवले आणि सही न घेता निघून गेला.

बाईंचा डावा आणि मॅडमचा उजवा, दोन्ही एकाच उत्तराला आले. कागद चुकीच्या तोंडावर होता. "उत्तर" लिहिलेले होते ते दक्षिण. मामांचा हात छताकडे उत्तर दाखवत होता. तो मोजणीतून वगळण्यात आला.

"म्हणजे पुस्तिकेप्रमाणे आलेलं एन उलटायचं," बाईंनी वहीत लिहिले. "नमुना पी."

"बघा!" मामांनी मांडीवर थाप मारली. "मी काल चहा पितानाच म्हणणार होतो, पी. बहुतेक पीच असतात."

"तुम्ही म्हणणार होता, मामा. मोजणार नव्हता."

मॅडम खोकल्या. ते हसू होते की खोकला, हे नोंदलेले नाही.

पण बाईंना अजून चैन नव्हते. बोटांवर त्यांचा विश्वास होता, डोळ्यांवरही होता, पण नेमणूक बोटांवर सोडायची त्यांची तयारी नव्हती. चुंबकच नको, अशी काही मोजणी आहे का? होती, आणि जुनी होती. मल्टिमीटरची लाल सुई गरम करायची, काळी थंड ठेवायची, दोन्ही तुकड्यावर टेकायच्या. गरम जागेचे कण थंड जागेकडे पळतात. इलेक्ट्रॉन पळाले तर मागे अधिक उरते. होल पळाले तर उणे. त्यात ना ध्रुव, ना कागद, ना रंगारी.

आधी त्यांनी मल्टिमीटर बॅटरीला लावून बघितला. अधिकला अधिक दाखवत होता. मग लाल सुई सोल्डरिंग आयर्नच्या टोकाशी धरून तापवली आणि तुकड्यावर टेकली.

उणे चौदा मिलिव्होल्ट.

पुन्हा. उणे अकरा. तिसऱ्यांदा, जागा बदलून, उणे चौदा. तिन्ही पी.

"झालं," मामा म्हणाले. "आता हात लावू नका."

बाईंनी चौथ्यांदा लावला. अधिक तीन.

बाईंनी सुई पुसली, तापवली, पाचव्यांदा टेकली. तेवढ्यात कडेचा थर सुईखाली खरवडला गेला आणि मीटर शून्यावर डुलत राहिला.

"मी म्हटलं होतं," मामा हळू म्हणाले, "हात लावू नका."

"तीन विरुद्ध एक आहे," मॅडम म्हणाल्या.

"ही काय निवडणूक आहे?" बाई म्हणाल्या आणि लगेच त्यांना आठवले की समोर मॅडम आहेत आणि आज शुक्रवार आहे. "म्हणजे, सुई थंड झाली असेल. किंवा ठिपक्यावर टेकली असेल. पण असेल म्हणजे माहीत नाही."

उरलेल्या आकड्यांवरूनही काही ठरत नव्हते. कण किती वेगाने पळतात त्याचा हिशेब बाईंनी काढला होता. पदार्थ माहीत असता तर त्या वेगावरून अंदाज बांधता आला असता, कारण इलेक्ट्रॉन सहसा चपळ आणि होल सहसा आळशी. आलेला वेग चांगल्या पदार्थातल्या आळशी होलचा असू शकत होता, तसाच गचाळ पदार्थातल्या चपळ इलेक्ट्रॉनचाही. आणि पाकिटावर फक्त क्रमांक होता.

दुपारी तीन वाजता बाई तक्ता भरायला बसल्या. रोधकता, कणांची संख्या, वेग, सगळे चार सुया आणि बासष्टच्या आकड्यावरून. प्रकार: पी. मग शेवटचा चौकोन होता, शेरा.

त्यांनी लिहिले: "चुंबकावरील ध्रुवाची खूण चुकीची आढळली. तारेच्या प्रयोगाने दिशा ठरवली. गरम सुईच्या चार वाचनांपैकी तीन पी, एक एन, पाचवे बाद. या यंत्रावर चिन्हाची दिशा यापूर्वी स्वतंत्रपणे तपासल्याची नोंद सापडली नाही."

तक्ता मॅडमच्या टेबलावर गेला. तीन वीसला बाईंना आत बोलावले गेले. मामा आधीच बसलेले होते.

"पहिली तीन वाक्यं ठीक आहेत," मॅडम म्हणाल्या. "शेवटचं काढा."

"का?"

"आपल्या मान्यतापत्रावर लिहिलंय की आपण प्रकार मोजून सांगतो. हे वाक्य बाहेर गेलं की ती मंडळी विचारणार, मग आजवर कसा सांगत होता? आणि मी काय सांगू? नमस्कार चमत्कार?"

मामा टेबलावरचा पेपरवेट बघत होते.

"शेरा ऐच्छिक असतो," मॅडम पुढे म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "आतली दुरुस्ती आत करू. कागद आज बदलू, पुढच्या महिन्यात बाहेरून खात्रीचे नमुने मागवू. तुमचं उत्तर आहे तसं राहतंय. फक्त एक वाक्य."

बाईंनी मामांकडे बघितले. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला विचारू नका," मामा म्हणाले. "मला विचारून लिहायची पद्धत बंद करायला निघाला आहात ना?" मग पेपरवेट सरळ ठेवत म्हणाले, "दोन महिने राहिलेत माझे. मला हार घालून घरी जायचंय. पण त्यात खोटं एकही अक्षर नाही. सापडली नाही लिहिलंय. नाहीच सापडली. मी पण शोधली सकाळी."

"मामा," मॅडम म्हणाल्या.

"शोधली, मॅडम. एकतीस वह्या आहेत. प्रत्येकीत तेच वाक्य आहे. उलट आल्यास."

बाई उठल्या. तक्ता त्यांनी उचलला. "मॅडम, चौथं वाचन मी लपवलं नाही. मग हे एकच वाक्य काढलं तर मी चौथं तरी कशाला ठेवू? आणि मग पाचवं कशाला?"

"तुम्ही नववीला शिकवत होता ना?" मॅडमनी विचारले.

"हो."

"दिसतं." त्यांनी टेबलावरची एक फाइल उघडली, बघितली, मिटली. बाईंच्या नेमणुकीची ती फाइल होती हे वरच्या नावावरून दिसत होते. "सही तुमची आहे. जे पाठवायचं ते पाचच्या आत पाठवा."

चार एक्कावन्नला बाईंनी तक्ता पाठवला. शेऱ्यात चार वाक्ये होती. मामांनी चुंबकावरचा कागद नखाने खरवडून काढला. दुसऱ्या तोंडावर नवा लावायला घेतला तेव्हा बाई म्हणाल्या, तारीख घाला आणि कोणी ठरवलं तेही. मामांनी तारीख घातली. खाली लिहिले, "बाई, डावा हात."

सोमवारी सकाळी बाई नेहमीच्या वेळी कामावर आल्या. येऊ नका असे कोणी कळवलेले नव्हते. या असेही नव्हते. हजेरीपटात त्यांचे नाव अजून शिकाऊ या सदरात होते. त्यांनी सही केली. मग बादली ओतली, कारण वाद घालायला मामा अजून आले नव्हते.

मंगळवारी तपासणी संस्थेकडून पत्र आले. पाचही प्रयोगशाळांचे तक्ते मिळाले होते. रोधकतेचे आणि कणांच्या संख्येचे आकडे सर्वांचे मर्यादेत होते. प्रकाराच्या रकान्यात दोघांनी पी लिहिले होते आणि तिघांनी एन. शेरा एकाच प्रयोगशाळेने भरला होता. कोणत्या, ते पत्रात नव्हते. त्या शेऱ्याच्या अनुषंगाने, असे पत्रात पुढे होते, संस्था स्वतःकडचा सहावा तुकडा पुन्हा मोजत आहे आणि तोपर्यंत निकाल राखून ठेवण्यात येत आहे. कधीपर्यंत, ते लिहिलेले नव्हते.

मॅडमनी पत्र दोनदा वाचले आणि बोळातल्या फलकावर लावले. बाईंच्या नेमणुकीची फाइल त्यांच्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात आहे. बुधवारी दुपारी साडेतीनपर्यंत तिच्यावर सही झालेली नव्हती.